नागपुरातून पहिलं ॲप प्ले स्टोअरवर टाकताना: १२ टेस्टर, १४ दिवस आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसा परसोडीच्या आयटी पार्कात नोकरी आणि रात्री स्वतःचं ॲप, किंवा इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आणि सोबत स्वतःचं ॲप, असे बरेच जण नागपुरात आहेत. ॲप तयार होतं, पंचवीस डॉलर भरून अकाउंट उघडलं जातं, आणि मग प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे गूगलच्या डेव्हलपरसाठीच्या पानावर, प्रॉडक्शनचा (ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याचा) मार्ग बंद दिसतो. तिथून पुढे जे प्रश्न मला सतत विचारले जातात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कंपनीचा आधार नसताना एकट्याने ॲप बनवणाऱ्यांसाठी हे पान आहे.

नियम नेमका काय आहे?

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक डेव्हलपर अकाउंट असेल, तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी क्लोज्ड टेस्ट, म्हणजे तुम्ही निवडलेल्या लोकांपुरती चाचणी, घ्यावीच लागते. त्या टेस्टमध्ये किमान १२ जण ऑप्ट-इन झालेले, म्हणजे लिंक उघडून टेस्टर व्हायला तयार झालेले, हवेत आणि ते सलग १४ दिवस ऑप्ट-इन राहिलेले हवेत. त्यानंतर डॅशबोर्डवर प्रॉडक्शन ॲक्सेससाठी अर्ज करता येतो. अर्ज मंजूर झाला की मग ॲप लोकांसमोर.

यूट्यूबवर तर २० टेस्टर सांगतात?

ते व्हिडिओ जुने आहेत. नियम आला तेव्हा आकडा २० होता. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने तो १२ वर आणला. दिवस मात्र १४ चे १४ च राहिले.

हे सगळं एकट्या माणसालाच का? कंपन्यांना का नाही?

संस्थेच्या नावाने उघडलेल्या अकाउंटला ही अट नाही. तिथे डी-यू-एन-एस नंबर (संस्थेचा ओळख क्रमांक) लागतो आणि संस्थेची कागदपत्रं तपासली जातात. गूगलचं म्हणणं असं की प्लेवरची टेस्टिंगची साधनं नियमित वापरणाऱ्या डेव्हलपरच्या ॲपला इन्स्टॉल आणि वापर सरासरी तिप्पट मिळतो. मला विचाराल तर हा भार एकट्या माणसावर जड पडतो, यात वाद नाही. ऑफिसात वीस सहकारी बसलेले असतात, त्यांच्यासाठी १२ माणसं म्हणजे काहीच नाही. घरी बसून ॲप लिहिणाऱ्याला ती गोळा करावी लागतात.

पण हे १४ दिवस टळणारच नसतील तर ते खऱ्या माणसांवर खर्च करा. या पानावर पुढे जे काही लिहिलं आहे ते याच मुद्द्याभोवती फिरतं.

मग संस्थेचंच अकाउंट उघडलं तर?

खरोखरची संस्था असेल, फर्म असेल, तर जरूर उघडा. निव्वळ टेस्टिंग टाळायला म्हणून कागदोपत्री फर्म काढू नका. तिचे हिशोब, रिटर्न, पत्ता हे सगळं पुढे सांभाळावं लागतं, आणि चौदा दिवस वाचवायला ते फार महाग पडतं. एक गोष्ट मात्र आधीच बघून घ्या: पैशांचे व्यवहार, आरोग्य, व्हीपीएन किंवा सरकारी सेवा अशा प्रकारच्या ॲपसाठी गूगल संस्थेचंच अकाउंट मागतं. तुमचं ॲप त्यातलं असेल तर वैयक्तिक अकाउंटवर वेळ घालवू नका.

अकाउंट उघडायला काय काय लागतं?

वय १८ पूर्ण. एकदाच भरायचे २५ डॉलर, तेही आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेल्या कार्डाने. प्रीपेड कार्ड चालत नाही. सरकारी ओळखपत्र, आणि त्यावरचं नाव अकाउंटवरच्या नावाशी जुळणारं. याशिवाय नव्या वैयक्तिक अकाउंटवाल्याला प्ले कन्सोलचं मोबाइल ॲप खऱ्या अँड्रॉइड फोनवर उघडून आपल्याकडे फोन आहे हे दाखवावं लागतं. लॅपटॉपवरच्या इम्युलेटरने ते काम होत नाही.

स्टोअरवर तुमचं कायदेशीर नाव आणि देश दिसतो. ॲपमधून कमाई करणार असाल तर पूर्ण पत्ताही दिसतो. घरातल्या मोठ्यांशी हे आधी बोलून ठेवा. घराचा पत्ता जगजाहीर होणार हे त्यांना नंतर कळलं तर त्रास होतो, आणि तो त्रास रास्त असतो.

इंटर्नल टेस्टिंगमध्ये १०० माणसं घालता येतात. ते दिवस धरले जातात का?

नाही. मोजणी फक्त क्लोज्ड टेस्टिंगची. ओपन टेस्टिंग, म्हणजे कोणालाही सामील होता येईल अशी चाचणी, तर प्रॉडक्शन ॲक्सेस मिळेपर्यंत उघडतच नाही.

तरीही इंटर्नल टेस्टिंग वगळू नका. तिथे बिल्ड (ॲपची तयार आवृत्ती) टाकलं की बहुतेकदा काही मिनिटांत फोनवर येतं. घरच्या दोन-तीन फोनांवर आधी तिथे चालवून बघा. उघडताक्षणी बंद पडणारं ॲप बारा जणांच्या हातात दिलं तर त्यातले निम्मे परत उघडायचे नाहीत.

क्लोज्ड टेस्ट सुरू करण्याआधी काय तयार हवं?

जवळजवळ तेच सगळं जे प्रॉडक्शनला लागतं: प्रायव्हसी पॉलिसीची लिंक, डेटा सेफ्टीचा फॉर्म, कंटेंट रेटिंगची प्रश्नावली, ॲप कोणत्या वयोगटासाठी आहे, जाहिराती आहेत की नाही. फाइल अँड्रॉइड ॲप बंडल हवी, एपीके (फोनवर थेट इन्स्टॉल होणारी फाइल) नाही. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपचं टार्गेट किमान अँड्रॉइड १५, म्हणजे एपीआय ३५ हवं. जुन्या ट्युटोरियलवरून प्रोजेक्ट सुरू केला असेल तर इथे अडकाल. ॲपमध्ये खातं उघडण्याची सोय असेल तर ते खातं काढून टाकण्याची सोयही हवी, ॲपच्या आत आणि वेबवर, दोन्हीकडे.

पॅकेजचं नाव शांतपणे ठरवा. एकदा अपलोड झालं की ते बदलत नाही.

आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे ओटीपी. क्लोज्ड टेस्टचं बिल्डही गूगलकडून तपासलं जातं. तपासणाऱ्याकडे तुमच्या ॲपवर ओटीपी घेता येईल असा भारतातला नंबर असेल हे धरून चालू नका. ॲप फोन नंबरवरच उघडत असेल तर तो पहिल्याच स्क्रीनवर थांबतो आणि तुम्हाला नकार येतो. लॉगिनसाठी गूगलची फायरबेस ही सेवा वापरत असाल तर त्यात चाचणीचा नंबर आणि ठरलेला ओटीपी नोंदवता येतो. तोच नंबर आणि तोच ओटीपी प्ले कन्सोलमधल्या ॲप ॲक्सेसच्या भागात स्पष्ट लिहून द्या.

१२ माणसं आणायची कुठून?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर देण्याआधी मी उलट विचारतो: ॲप कोणासाठी बनवलं? त्याच लोकांकडे जा. सीताबर्डीच्या दुकानदारांसाठी असेल तर सीताबर्डी, कळमन्याच्या अडत्यांसाठी असेल तर कळमना. मित्रांकडून बारा जीमेल आयडी तासाभरात मिळतात, पण मित्र ॲप एकदा उघडतात, "भारी आहे भाऊ" म्हणतात आणि विसरतात.

नंदनवनमधल्या एका मुलाने मेसच्या हिशोबाचं ॲप केलं. त्याची पहिली यादी वर्गमित्रांची होती. ती बाजूला ठेवून तो आपल्या भागातल्या मेस चालवणाऱ्या काकूंकडे आणि तिथे जेवणाऱ्या मुलांकडे गेला. पहिल्याच दुपारी एका काकूंनी सांगितलं, "बटनच नाही दिसून राहिलं ना भाऊ." त्यांच्या फोनवर अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा केलेला होता. 'खाडा लावा' (जेवण घेणार नाही अशी नोंद) हे बटण स्क्रीनच्या खाली निघून गेलं होतं आणि ती स्क्रीन वर सरकतच नव्हती. वर्गमित्रांपैकी कोणाच्याच फोनवर हे घडलं नसतं, कारण त्यांना चष्मा न लावता बारीक अक्षर वाचता येतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची निघाली. ॲपमध्ये खाडा दिवसाचा लागत होता. मेसमध्ये खाडा वेळेचा असतो: सकाळी जेवला, रात्री गावाला गेला, तर अर्धाच खाडा. शिवाय रात्रीचा खाडा दुपारपर्यंत सांगितला तरच धरला जातो, कारण कणीक त्याआधी भिजवलेली असते. हे कोडमध्ये कुठेच नव्हतं. त्याने अर्धा डेटाबेस बदलला आणि टेस्ट चालू असतानाच नवं बिल्ड टाकलं.

टेस्ट चालू असताना अपडेट टाकलं तर दिवस पुन्हा एकपासून मोजतात का?

नाही. अपडेट जरूर टाका. सूचना आली, बदल केला, पुन्हा दिलं, हे दिसणं अर्जाच्या वेळी तुमच्याच बाजूचं असतं.

टेस्टरला लिंक उघडत नाही. काय करायचं?

बहुतेक वेळा कारण जीमेलचं असतं. एकेका फोनवर दोन-तीन जीमेल अकाउंट असतात. तुमच्या यादीत एक आणि प्ले स्टोअरमध्ये दुसरंच चालू. टेस्टरला प्ले स्टोअर उघडून उजवीकडे वरच्या गोल चित्रावर बोट ठेवायला सांगा. तिथे जो पत्ता दिसतो तोच यादीत घाला. लिंक व्हॉट्सॲपमधून उघडते ती ब्राउझरमध्ये, आणि ब्राउझरमध्ये वेगळंच अकाउंट चालू असेल तर ॲप उपलब्ध नाही असं येतं. ब्राउझरमध्येही तेच अकाउंट निवडायला लावा, टेस्टर होण्याचं बटण दाबून घ्या आणि मग तिथल्याच दुव्यावरून इन्स्टॉल करा.

दुसरं कारण: क्लोज्ड टेस्टच्या ट्रॅकवर देश निवडायचा राहून गेला. भारत निवडलेला नसेल तर नागपुरातल्या एकाही फोनवर ॲप दिसणार नाही. तिसरं, बिल्ड अजून तपासणीत आहे. मग थांबण्यावाचून इलाज नाही.

काकू-काकांच्या वयाच्या टेस्टरकडे स्वतः जा. फोनवरून "आता खाली बघा, काय दिसतं?" असं विचारत बसण्यापेक्षा समोर बसून दहा मिनिटांत काम होतं, आणि ते ॲप कसं धरतात, कुठे थबकतात हेही बघायला मिळतं.

बारा म्हणजे बाराच ठेवायचे का?

नका. कोणी फोन बदलतो, कोणी चुकून टेस्ट सोडतो. एक जण बाहेर पडला की तुम्ही अकरावर येता, आणि त्याच्या जागी नवा आला तर त्याचे चौदा दिवस त्याच्यापासून सुरू. अठरा-वीस जण घेतले की ही काळजी राहत नाही.

टेस्टरने ॲप काढून टाकलं तर?

मोजणी ऑप्ट-इनची आहे, इन्स्टॉलची नाही. त्यामुळे आकडा टिकतो. पण वापर शून्य होतो, आणि अर्जात वापराबद्दलच विचारतात. दर दोन-तीन दिवसांनी टेस्टरला काहीतरी नेमकं काम सांगा: आज एक खाडा लावून बघा, आज महिन्याचा हिशोब काढून बघा. "वापरून बघा ना" एवढ्याने कोणी वापरत नाही.

पैसे देऊन टेस्टर मिळतात. घेऊ का?

नका घेऊ. आकडा भरेल, पण चौदा दिवसांनी अर्जात लिहायला तुमच्याकडे एक ओळही नसेल. अनोळखी माणसाने दुसऱ्या देशात ॲप रोज उघडून बंद केलं, त्यातून मेसच्या खाड्याबद्दल काय कळणार? अशा टेस्टनंतर पुरेसं टेस्टिंग झालेलं दिसत नाही असं उत्तर येतं आणि आणखी चौदा दिवस चालू ठेवायला सांगतात. 'तू माझं टाक, मी तुझं टाकतो' अशा ग्रुपचंही तेच. तिथे प्रामाणिक, मेहनती डेव्हलपर असतात हे मला माहीत आहे, पण ते तुमचे ग्राहक नाहीत.

नोव्हेंबर २०२३ च्या आधीचं अकाउंट विकत मिळतंय?

त्या वाटेला जाऊच नका. डेव्हलपर अकाउंटची खरेदी-विक्री नियमात बसत नाही. विकणाऱ्याने मागे काय केलं होतं हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. अकाउंट बंद झालं की त्याच्याशी जोडलेली दुसरी अकाउंटही बंद होतात, आणि तेव्हा तुमचं स्वतःचं नाव कायमचं अडकतं.

टेस्ट कधी सुरू करावी?

लोक ते काम करत असतात तेव्हा. मेसचं ॲप विद्यापीठाच्या परीक्षा संपल्यावर तपासलं तर मुलं गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळला घरी गेलेली असतात. ऑप्ट-इन तसंच राहील, वापर नाही. संत्र्याच्या व्यवहाराचं ॲप असेल तर अंबिया बहाराचा माल ऑक्टोबरपासून येतो, मृग बहाराचा फेब्रुवारीनंतर. कळमन्यात गाड्यांची रांग लागलेली असताना अडत्या ॲपवर नोंद करू शकतो का, हे पावसाळ्याच्या सुरुवातीला कळणार नाही.

आपल्या उन्हाळ्याचाही एक उपयोग आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. दुपारी बाहेर उभं राहून ॲप उघडा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं दिसतच नाहीत. डिलिव्हरीचं, मीटर रीडिंगचं, शेताचं, असं उन्हात वापरायचं कोणतंही ॲप असेल तर ही चाचणी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टेस्टरच्या फोनची भाषा मराठी असेल तर काही फरक पडतो?

पडतो, आणि त्यासाठीच यादीत दोन-तीन तरी फोन मराठीतले हवेत. फोनची भाषा मराठी केली की अँड्रॉइड आकडे देवनागरीत छापायला लागतं. दाखवायला ते छानच. पण कोडमध्ये तारीख किंवा रक्कम फोनच्या भाषेनुसार मांडून तीच सर्व्हरला पाठवली, तर सर्व्हरला '२०२५' मिळतं आणि तो नोंद नाकारतो. इंग्रजी फोनवर सगळं सुरळीत, मराठी फोनवर जतनच होत नाही, आणि कारण सापडत नाही. उपाय सोपा आहे: माणसाला दाखवायचं ते फोनच्या भाषेत, यंत्राला पाठवायचं ते लोकेल रूट (कोणत्याही भाषेला न बांधलेली मांडणी) वापरून. मराठी माणसांसाठी बनवलेलं ॲप मराठी फोनवरच मोडावं, याचं मला फार वाईट वाटतं.

अभिप्राय कसा गोळा करायचा?

क्लोज्ड टेस्टमधला टेस्टर प्ले स्टोअरवरून जो अभिप्राय देतो तो फक्त तुम्हाला दिसतो. तुमच्या रेटिंगवर त्याचा परिणाम नाही. पण आपल्याकडे लोक तिथे लिहीत नाहीत, व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. ते चालू द्या. फक्त एक वही किंवा शीट ठेवा: तारीख, कोण, काय अडलं, काय बदललं, कोणत्या बिल्डमध्ये. अर्ज भरताना हीच वही कामाला येते.

अर्जात काय विचारतात?

तीन भाग असतात. पहिला टेस्टबद्दल: टेस्टर मिळवणं किती सोपं गेलं, त्यांनी ॲप कसं वापरलं, सगळ्या सोयी वापरल्या का, अभिप्राय काय आला आणि तो कसा घेतला. दुसरा ॲपबद्दल: कोणासाठी आहे, त्यांना काय फायदा, पहिल्या वर्षात किती इन्स्टॉल अपेक्षित. तिसरा तयारीबद्दल: टेस्टमधून शिकून काय बदललं आणि ॲप तयार आहे हे कशावरून ठरवलं.

मोघम लिहू नका. "सर्वांना ॲप आवडलं" यात वाचणाऱ्याला काही मिळत नाही. "मोठ्या अक्षरांच्या फोनवर बटण दिसत नव्हतं, स्क्रीन सरकती केली; खाडा दिवसाऐवजी वेळेनुसार केला" असं लिहा. मी साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहायला सांगतो. इन्स्टॉलचा आकडा फुगवू नका. लहान आकडा लाजिरवाणा नसतो.

उत्तर सहसा सात दिवसांत येतं, कधी जास्त लागतात.

नकार आला तर?

टेस्ट बंद करू नका, टेस्टरना सोडू नका. मेलमध्ये कारण दिलेलं असतं ते वाचा. टेस्टिंग कमी पडलं म्हणत असतील तर आणखी चौदा दिवस चालवा, पण तसंच नाही: नवी कामं सांगा, एखादं बिल्ड टाका, नोंदी ठेवा आणि मग पुन्हा अर्ज करा.

दुसऱ्या ॲपसाठी पुन्हा हे सगळं?

हो. अट ॲपगणिक आहे. म्हणून पहिल्या वेळचे टेस्टर जपा, ॲप आल्यावर त्यांना स्वतः जाऊन सांगा.

पैसे घेणारं ॲप असेल तर टेस्टरला पैसे पडतात का?

क्लोज्ड टेस्टमध्ये विकतचं ॲप टेस्टरलाही विकत घ्यावं लागतं. ॲपच्या आतली खरेदी तपासायची असेल तर त्यांचे जीमेल लायसन्स टेस्टरच्या यादीत घाला, म्हणजे खरे पैसे कापले जात नाहीत. मी तर ॲप मोफतच ठेवून आतल्या खरेदीचा मार्ग घ्यायला सांगतो. विनंती करून आणलेल्या माणसाच्या खिशाला हात लावायचा नसतो.

आयफोनसाठीही असंच आहे का?

ॲपलकडे टेस्टरची किमान संख्या नाही. तिथे वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. टेस्टफ्लाइट या ॲपलच्या टेस्टिंगच्या सोयीत बाहेरचे १०,००० पर्यंत टेस्टर घेता येतात आणि प्रत्येक बिल्ड ९० दिवस चालतं, पण ते वापरायची सक्ती नाही.

एपीके थेट व्हॉट्सॲपवर वाटलं तर?

ते दिवस मोजणीत येत नाहीत. शिवाय फोन इशारा दाखवतो आणि साधा माणूस घाबरतो. फसवणुकीच्या एपीकेंमुळे बँका रोज सांगतात की अशी फाइल उघडू नका, तेव्हा त्याचं घाबरणं बरोबरच आहे. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये हेही जाहीर केलं की प्ले स्टोअरबाहेरच्या ॲपच्या डेव्हलपरचीही ओळख तपासली जाईल. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये आणि २०२७ पासून इतरत्र.

ॲक्सेस मिळाल्यावर क्लोज्ड टेस्ट बंद करायची का?

चालू ठेवा. पुढचं प्रत्येक अपडेट आधी त्याच माणसांना द्या आणि दोन-तीन दिवसांनी सगळ्यांना. अपडेट टप्प्याटप्प्याने सोडण्याची सोयही प्ले कन्सोलमध्ये आहे: आधी थोड्या टक्के लोकांना, काही बिघडलं तर तिथेच थांबवायचं. पहिल्या रिलीजला ही सोय नसते, ती पहिल्या अपडेटपासून मिळते.